पुन्हा सगळ्या लसी

आईस,

वाकून नमस्कार केला असं समज. छातीत नळी आहे, वाकता येत नाही.

जोरदार केमो एकदाची संपली. आधी काढून गोठवून ठेवलेल्या माझ्याच मूळ पेशी अकरा दिवसांपूर्वी मला परत चढवल्या. तेव्हा त्या गोठवताना घातलेल्या औषधाचा खोलीभर लसणासारखा वास सुटला म्हणे. नर्स म्हणाली, "ताई, फोडणी टाकलीत का?" दोन दिवस ताप होता, उतरला. तोंड आलंय, तरी थोडंथोडं जेवण जातं.

तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग. मी कुठल्या तोंडाने विचारतेय म्हणा! अंडाशयातल्या बीजपेशींचा तो विरळा कॅन्सर उलटला हे तीन महिने तुझ्यापासून लपवलं, म्हणून तू अजून फोनवर येत नाहीस. धाकटीकडून सगळं कळतं मला.

तर ऐक. आज रक्तात नव्या पांढऱ्या पेशी दिसल्या. डॉक्टरीणबाई चक्क हसल्या, आणि त्या उगाच हसणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, लहानपणीच्या लसींचा असर या केमोत धुऊन निघालाय, सगळ्या पुन्हा टोचाव्या लागतील. पहिली सहा महिन्यांनी, शेवटची दोन वर्षांनी. तारखासुद्धा लिहून दिल्या. आई, इतक्या पुढची तारीख मला किती दिवसांत कुणी दिली नव्हती गं!

लहानपणी मी दवाखान्याच्या पायरीवरच भोकाड पसरायचे आणि तू "अजिबात दुखत नाही" म्हणून खोटं बोलायचीस. आता मी बोलले. फिट्टंफाट. पहिल्या सुईला हात धरायला ये.

तुझी थोरली,
वय वर्षे एकोणपन्नास, नव्याने दिवस अकरा