पहिल्या अंकाची आतली पानं

१४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय दादा,

आम्ही इथे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असं धरून चालते. वहिनीच्या गुडघ्याचं काय झालं? मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, "जिना चढताना तुझ्या दादाला शिव्या देते, मग बरं वाटतं." तिला सांग, औषध चालू ठेव.

नऊ वर्षांनी तुला लिहितेय. 'प्रिय' लिहावं की नुसतं 'दादा', इथेच तीन कागद फाटले.

दुकान चालू आहे. कॉमिक्सचं कपाट तू गेल्यापासून मी वाढवलं नाही, पण कार्डं खपतात. च्युइंगमच्या पाकिटातल्या खेळाडूंच्या कार्डांसाठी एक पेन्शनर दर शनिवारी येतात. त्यांच्या साठ कार्डांच्या संचात एकच कमी आहे, छत्तीस नंबरचं. दारातूनच ओरडतात, "काय बाई, डबल आलं का?" आणि दरवेळी मला वाटतं, तूच हाक मारलीस. 'डबल', म्हणजे एकाच नंबरचं जास्तीचं कार्ड: सतत तुझ्या मागे मागे करायची म्हणून तू ठेवलेलं नाव. "हिला कुणी बदली घेतं का? एक कार्ड द्या, ही घेऊन जा," असं सगळ्या गल्लीला विचारायचास. कुणी घेतलं नाही म्हणून मी एकदा रडलेसुद्धा होते.

बाबा माझ्याकडेच आहेत. दिसतं, ऐकू येतं, चिडतातही व्यवस्थित. फक्त हात कापतात. चहाचा कप अर्धाच भरावा लागतो. ज्या हातांनी आयुष्यभर बाइंडिंग केलं, त्यांना आता शर्टाची गुंडी लागत नाही.

मी उगाच इकडचं तिकडचं लिहितेय.

काल दुपारी पार्सलांना लावायचा जाड पुठ्ठा संपला. बाबांच्या कामाच्या खोलीत वरच्या फळीवर 'नमुना' अशी चिठ्ठी लावलेल्या वह्या आहेत, आठवतात? गिऱ्हाइकाला कापड आणि शिलाई दाखवायला केलेल्या, आतून कोऱ्या. त्यांचेच पुठ्ठे कापावेत म्हणून गठ्ठा खाली काढला. दोन वह्या उसवल्या. तिसरी बारीक होती, राखाडी कापडाची, आणि शिलाई इतकी सुरेख की कात्री लावायच्या आधी सहज उघडली.

आत तुझं कॉमिक, 'समुद्रतळाचा पहारेकरी'. अंक पहिला. कव्हर नाही, फक्त आतली बत्तीस पानं. पहिल्या पानावर निळ्या शाईचा मोठा डाग, आणि त्या डागात पाच बोटं उमटलेली.

दादा, ती बोटं माझी आहेत.

मी तिथेच फरशीवर बसले. शेवटचं पान उलटलं. रंगीत पेन्सिलींची जाहिरात. पहिल्या छपाईची खूण तीच ना? दुसऱ्या छपाईत तिथे कूपन आहे. तूच शिकवलंस. मी ती जाहिरात पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू वाचता वाचता तिचं कूपन होईल.

आता क्रमाने लिहिते. नाहीतर मी पुन्हा पळवाट काढीन.

तू पंधरा वर्षांचा होतास, मी अकरा. तो अंक तू चाळीस कार्डं आणि तुझी पितळी शिट्टी देऊन मिळवला होतास. तू शाळेच्या शिबिराला गेलास आणि मी तो काढला. कव्हर नीट मागे दुमडून वाचत बसले, शेजारी गृहपाठाची दौत. दौत कलंडली. मी तळव्याने पुसायला गेले आणि होतं ते आणखी पसरलं. आठ पानांपर्यंत शाई झिरपली. मी बाबांकडे पळत गेले. म्हटलं, "दादा मला मारून टाकेल." बाबांनी अंक बघितला, मला बघितलं, सायकल काढून कुठेतरी गेले, तासाभराने आले आणि आतून कडी लावून घेतली. संध्याकाळी अंक माझ्या हातात. स्वच्छ. "गेला बघ डाग," म्हणाले. "आता हे कुणाला सांगायचं नाही. तू नाही, मी नाही. शब्द."

मी विश्वास ठेवला. माझ्या बाबांना डाग काढता येतात, असं मी पुढे कितीतरी जणांना अभिमानाने सांगितलं. फक्त कशावरचा, ते नाही.

तूही अंक उघडला नाहीस. आणलास तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलास तो घातलासच. "पहिला अंक वाचायचा नसतो, राखायचा असतो." दादा, एकदा जरी वाचला असतास तर पंधराव्या वर्षीच कळलं असतं. मला दोन थपडा बसल्या असत्या आणि विषय संपला असता.

पुढचं तुला माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी तू तो विकायला काढलास. तपासनिसाने पिशवी उघडली आणि जुन्या कॉमिक्सच्या भर जत्रेत सांगितलं, कव्हर पहिल्या छपाईचं, आतली पानं दुसऱ्या छपाईची, जोडकाम इतकं सफाईचं की पिनासुद्धा जुन्याच भोकांतून ओवल्यात. विक्रेत्यांच्या मंडळाने तुझं टेबल काढून टाकलं. लोक म्हणाले, बाइंडरचाच मुलगा, घरचाच कारखाना. तू घरी आलास, अंक बाबांच्या पुढ्यात आपटलास. "हे तुम्ही केलंत?"

"हो."

"आतली पानं कितीला विकलीत?"

बाबा काही बोलले नाहीत.

त्या वेळी मी दारात उभी होते. आणि आता जे लिहायचं आहे त्यासाठीच मघापासून गुडघ्याचं, कार्डांचं, चहाच्या कपाचं लिहीत बसलेय. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "तुला काही माहीत होतं?" आणि मी म्हणाले, "त्या वर्षी घरात फार ओढाताण होती, दादा. त्यांनी केलं असेल."

केलं असेल! बाबांच्या तोंडून जे आलं नाही, ते मी पुरवलं.

मला तेव्हा डाग आठवला नाही, असं लिहिणार होते. आठवला. एवढासा आठवला, आणि मी लगेच स्वतःला म्हटलं, त्याचा काय संबंध, तो तर बाबांनी काढला होता. दादा, छापील कागदावरून शाई निघत नाही. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. घासू नका, कागद जाईल पण शाई जाणार नाही. सगळ्या जगाच्या शाईला हा नियम, फक्त माझ्या शाईला नाही, असं मी इतकी वर्षं धरून बसले. त्या दिवशी सायकलवरून ते दुसऱ्या छपाईचा अंक आणायला गेले होते.

काल ती वही घेऊन मी बाबांसमोर उभी राहिले. त्यांनी चष्मा वर केला.

"कुठून काढलीस?"

"बाबा, पानं तुमच्याकडेच होती. त्याला त्या दिवशी दाखवली का नाहीत?"

"दाखवली असती तर तुझा पंजा दिसला असता."

"दिसू द्यायचा होता! तो घर सोडून गेला, बाबा. लोक तुम्हाला चोर म्हणाले. मी म्हणाले!"

"ओरडू नकोस. कान शाबूत आहेत माझे." थोडा वेळ गुंडीशी झटत राहिले. मग म्हणाले, "तुला शब्द दिला होता."

"मी अकरा वर्षांची होते!"

"मग? अकरा वर्षांच्या माणसाला दिलेला शब्द काय अर्धा असतो?"

मी दिलेल्या शब्दाआड लपले, ते दिलेल्या शब्दापायी गप्प राहिले. शब्द एकच होता.

तुला आठवत असेल, बाबा प्रत्येक बांधणीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून पेन्सिलीने लिहायचे, काम कुणाचं ते. माझं लक्ष आज सकाळी गेलं. बारीक, तेव्हाच्या न कापणाऱ्या अक्षरात लिहिलंय: 'थोरल्याचं आहे. मागेल तेव्हा द्यावं.'

चौतीस वर्षं ती फळीवर होती, दादा. आणि तू मागितलीच नाहीस. तू भाव विचारलास.

तुला दोष देत नाही. मी कोण दोष देणारी?

मंडळाच्या अध्यक्षांना मी आज वेगळं पत्र टाकलंय. सगळं लिहिलंय, माझ्या नावानिशी, पंजाच्या मापासकट. ते तुला पुन्हा टेबल देतील की नाही, माहीत नाही. वहिनी म्हणते, तू आता फक्त नकाशे आणि जुनी पोस्टकार्डं विकतोस, कॉमिक दिसलं की रस्ता बदलतोस. ती टोचणी माझ्या खात्यात घाल, बाबांच्या नको.

पानं पोस्टाने पाठवणार नाही. पाठवायला गेले तेव्हा बाबा म्हणाले, "तसं नाही लिहिलंय त्यावर." बरोबर आहे. मागेल तेव्हा द्यावं, असं लिहिलंय. म्हणजे तुला यावं लागेल, आणि त्यांच्याकडे मागावी लागतील.

सकाळपासून ते वही मांडीवर घेऊन बसलेत. मी म्हटलं, बाबा, टेबलावर ठेवा. तर म्हणाले, "टेबलावर चहा सांडतो." आणि दादा, नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. मी दुकानातच थांबेन. दाराला कडी नसेल.

कुणीही बदली न घेतलेली,
तुझीच
डबल