उरलेले किलोमीटर

४ मार्च, मंगळवार

नवी टॅक्सी म्हणे! विजेवरची — धूर नाही, आवाज नाही. पण हिच्या पडद्यातली बाई काही गप्प बसत नाही. ब्रेक जोरात दाबला — टिंग. एसी वाढवला — टिंग. "बॅटरी जपून वापरा." मी तिचं नाव सासूबाई ठेवलंय. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "माझी आई बरी की गं मग!"

हसले खरी. पण दिवसभर डोळे रस्त्यावर कमी आणि त्या कोपऱ्यातल्या आकड्यावर जास्त. गाडी अजून किती किलोमीटर जाईल, तो आकडा. चढ लागला की भराभर उतरतो.

६ मार्च, गुरुवार

दादाला हॉस्पिटलात ठेवलंय, पार शहराबाहेर. वहिनी फोनवर रडत होती — "डॉक्टरांनी हात टेकले. तू येऊन जा बाई. सारखा दाराकडे बघतो."

सुपरवायझरला विचारलं. "न्या की गाडी, ड्यूटी सुटल्यावर. पण वाटेत बंद पडली तर परत कामावर येऊ नका." हसत म्हणाला, मेला! नवऱ्याचं काम सुटलंय, घर माझ्या पगारावर चालतं, हे त्याला चांगलं माहीत आहे.

७ मार्च, शुक्रवार

नाही जमलं. सुटले तेव्हा आकडा अठरा. चार्जिंगला ही रांग! माझा नंबर लागेपर्यंत भेटीची वेळ टळली. बसने निघाले असते तरी तीच गत.

८ मार्च, शनिवार

आजही तेच. वहिनीचा फोन उचलला नाही. काय सांगू?

१० मार्च, सोमवार

आज निघालेच. एसी बंद. काचाही बंद, कारण उघड्या ठेवल्या तरी सासूबाई कुरकुरतात. घामाने नुसती भिजले. आकडा उतरतच होता. पुलावर आले तर समोर हॉस्पिटल! वरच्या मजल्यावरच्या खिडक्यासुद्धा दिसत होत्या. त्यातल्याच एकीमागे दादा.

आकडा आठ. पलीकडे चार्जर नाही, मागचा सात किलोमीटरवर. पुढे गेले तर परत यायला पुरणार नाही. "बॅटरी अपुरी आहे. मागे वळा." टिंग. टिंग. टिंग. डोकंच चालेना. म्हटलं, उद्या सकाळीच चार्ज करून येईन.

वळले. हॉस्पिटल समोर दिसत असताना वळले मी!

११ मार्च, मंगळवार

दादा पहाटे गेला. रात्री वहिनीला विचारत होता, "ती आली का गं?"

१९ मार्च, बुधवार

गाडी सर्व्हिसिंगला नेली. मेकॅनिकला म्हटलं, या आकड्याने माझा जीव खाल्ला. तो बोनेटमधून मान वर करून हसला — "अहो ताई, तो आकडा कशाला मनावर घेता? शून्य दाखवलं तरी ही आरामात तीस किलोमीटर पळते. तुम्ही ताणू नये म्हणून कंपनीच कमी लावून ठेवते. सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे. तुम्हाला कोणी बोललं नाही?"