पडद्यांची दुमड

ता. ३ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

गुडघे दुखत असताना स्टुलावर चढून तुम्ही आमच्या बंद घराच्या खिडक्या मोजल्यात, म्हणून आधी रागावते. मापं मिळाली, पण पडदे अजून कापले नाहीत. दर बदलीला मी त्यांची खालची दुमड उसवली आणि नव्या खिडकीच्या मापाने पुन्हा घातली. शाळेत सिस्टरांनी शिकवलेला तो बारीक टाका. कात्री मात्र कधी लावली नाही. न जाणो, पुढच्या घराच्या खिडक्या उंच निघायच्या.

एकवीस तारखेला ह्यांचा निरोपसमारंभ. रिवाजाप्रमाणे तरुण अधिकारी ह्यांची उघडी जीप दोरांनी ओढत फाटकापर्यंत नेतील. पण मोठ्या साहेबांनी निवृत्तीनंतरही मुख्यालयात दोन वर्षांचं काम देऊ केलंय. उत्तर त्याच दिवशी द्यायचंय. हे बोलत नाहीत, मी विचारत नाही. वन्सं, मी दमलेय. पुन्हा खोकी बांधणं आता माझ्याच्याने व्हायचं नाही.

तुमची माया आहेच, ती तशीच राहू द्या.
तुमची वहिनी

ता. ९ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

स्टुलावर आमचे हे चढले. मी खालून हुकूम सोडत होते. बाळ्या तुमच्याकडे ब्रिगेडियर असेल, लहानपणी ताटावर पेंगायचा आणि झोप आलीच नाही म्हणून भांडायचा. दमलो असं तो जन्मात म्हणायचा नाही. विचारू नकोसच. नुसती नीट बघ. आणि कात्रीला धार लावून ठेव.

पत्र टाकायला आळस करू नये.
तुझी नणंद

ता. २३ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

समारंभ छान झाला. बँड होता, दोन्ही बाजूंना जवान उभे होते, मी जीपमध्ये ह्यांच्या शेजारी. अर्ध्या वाटेत ह्यांनी डोळे मिटले. साहेब गहिवरले असं वाटून टाळ्या वाढल्या. वन्सं, हे झोपले होते. मांडीवरची टोपी घसरत होती, ती मी धरली. दोर ओढणारी मुलं पाठमोरी, त्यांना पत्ताच नाही. फाटकाशी हळूच कोपर लावलं.

मोठ्या साहेबांनी उत्तर विचारलं, तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोपी माझ्याच हातात होती. हे म्हणाले, नको साहेब, आता घरी जातो. वाटेत मला विचारलं, पडदे कापलेस का. इतकी वर्षं ह्यांचं लक्ष होतं तर.

आज कापले. पडदे पार विटलेत, पण दुमडीच्या आतलं कापड अजून गर्द निळं आहे. टाकवेना. त्या पट्ट्या जोडून ह्यांच्या उशीला अभ्रा शिवतेय. हे शेजारीच आहेत, पेंगताहेत, आणि झोप आलेली नाही म्हणतात.

भेटीअंती बोलूच. लोभ आहे, वाढवावा.
तुमची वहिनी