नलू शेवट बदलतेय

भागू गो,

इतका आनंद झालाय, काय सांगू! माझी नात नलू, तिची गोष्ट दिवाळी अंकात छापून आली. मी बोट लावून तिचं नाव वाचलं. चष्मा नवा केलाय, पण मेला नाकावर राहत नाही.

गोष्ट तुझीच आहे. विधवा बाई पोटुशी राहते, बहिणीच्या दारात येते. बहीण दार उघडते, पेज वाढते, मुंबईच्या आगबोटीत बसवून देते. बाई तिथे मुलाला वाढवते, सुखात राहते.

काशिनाथ मास्तरांनी पडवीत सगळ्यांना वाचून दाखवली आणि म्हणाले, "पापाक शिक्षा नाय, ही कसली गोष्ट?"

शेजारची रखमा म्हणाली, "तिणा बावीत उडी घेतल्यान आसती, तर माका रडू तरी इला आसता."

नलूने ते मनावर घेतलं. "आजये, पुस्तकात घालताना शेवट बदलतंय. तिका बावीत उडी मारूक लावतंय."

मी तिचा हात धरला. "नको गो बाय!"

"कित्याक?"

काय सांगू? मी दार उघडलं, तुला आगबोटीत बसवलं, हे मीच तिला सांगितलेलं. खरं तर मी कडी लावून आत उभी होते. तू "आक्का, आक्का" करत राहिलीस. दुसऱ्या दिवशी जामसंड्याच्या विहिरीतून तुला वर काढलं.

चाळीस वर्षांनी नलूने तुला जगवलं गो. खरं सांगितलं, तर ती शेवट बदलायची नाही, पण माझं तोंडही बघायची नाही. नाही सांगितलं, तर तू परत मरशील.

ती टाक घेऊन बसलीय. मी अजून गप्पच आहे.

तुझी,
आक्का