बंद बाह्यांचा सदरा

४ जून

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मोठ्या क्रेनवर बढती मिळाली, फार बरं वाटलं. आता तरी वरून खाली थुंकू नकोस.

इकडचं आडपडदा न ठेवता लिहिते. ह्यांच्या मेंदूतली कॅन्सरची गाठ वाढली आहे. सूज उतरवायच्या गोळ्यांनी डोकं भडकतं, असं डॉक्टर म्हणाले. मंगळवारी सूप गार लागलं म्हणून ह्यांनी माझी कापड मोजायची लाकडी पट्टी उचलून माझ्या तोंडावर हाणली. पुढचा दात पडला, रक्तानं शिवणाचं कापड भिजलं. सुईच्या टोकाएवढे स्क्रू चिमट्यात धरणारा घड्याळजी हा! बत्तीस वर्षांत कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

पण खरं सांगू? माझ्या हातात कात्री होती. ती ह्यांच्या मानेत खुपसावी असं मला वाटलं. माराचं काही नाही रे, मला माझ्याच हातांची भीती वाटते. शेजारी मी जिन्यावरून पडले असं सांगितलंय.

वेळेवर जेवत जा. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी ताई


१० जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि क्रेनच्या लोखंडी दारावर अशी लाथ घातली की अंगठा सुजलाय. भावजींनी मला घड्याळं खोलायला शिकवलं, सगळं मान्य. पण माझ्या बहिणीवर हात उगारणारा कोणीही असो, त्याचे हात मी उपटून काढीन. आजारी असले म्हणून काय झालं? बांधून ठेव ते हात. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेस, दोन हात आवरता येत नाहीत?

आणि सूप गरम देत जा. तुझं गार सूप मीही प्यायलोय, तेव्हा माझेही हात शिवशिवले होते.

रागावलोय, पण लोभ तोच आहे.

धाकट्या


१९ जून

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तू म्हणालास तसं केलं. ताडपत्रीसारख्या जाड कापडाचा सदरा शिवला. बाह्या हातापेक्षा वीतभर जास्त लांब ठेवल्या, त्यांची तोंडं दुहेरी शिलाईनं बंद केली, टोकांना पट्टे लावले आणि पट्टे पलंगाला बांधले. शिलाई इतकी सुबक आली की मलाच माझं कौतुक वाटलं.

हे सकाळभर धडपडले. ओठ चावून फोडला, खांदे सोलवटले, मला नाही नाही त्या शिव्या दिल्या. मग माझा तोल गेला आणि मी ह्यांच्या थोबाडीत मारली. एकदा नाही, तीनदा मारली. बांधलेल्या माणसाला मारलं मी, धाकट्या.

दहाच्या सुमारास घरी येणारी नर्स आली. तिनं माझ्याच कात्रीनं सदरा उभा फाडला. आता ही पोलिसांना बोलावणार म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. तिनं ह्यांचे खांदे पुसले, मग मला खुर्चीत बसवलं आणि तुमच्याकडे कोण बघतं असं विचारलं. मी म्हटलं, आजारी हे आहेत, मला काय धाड भरलीय. तिनं फाइल उघडून दाखवली. घरच्या माणसाची तब्येत कशी आहे, ह्या रकान्यात मी आठ महिने दर आठवड्याला 'ठीक' लिहिलं होतं.

तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन करून गोळ्या बदलून घेतल्या. दर गुरुवारी इस्पितळात फक्त रुग्णांच्या घरच्यांची बैठक असते, तिथे यायलाच हवं, असं बजावलं. पण मी गेले तर ह्यांच्यापाशी कोण बसणार?

मला टाकू नकोस.

ताई


२४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बांधून ठेव असं मी लिहून बसलो. चाळीस मीटर उंच केबिनमध्ये बसून, जिथे कुणाचा हात पोचत नाही! त्या तीन थपडांतली एक तरी माझ्या नावावर मांड. मलाही तू आठ महिने 'ठीक'च लिहीत होतीस, आणि मला ते वाचायला सोयीचं होतं.

महिन्याची रजा मिळाली आहे. दहा तारखेच्या आत पोचतो. गुरुवारी भावजींपाशी मी बसेन आणि स्वयंपाकही करेन. देव तुम्हा दोघांचं रक्षण करो.

तोवर जीव सांभाळ. तुझाच,

धाकट्या


२ जुलै

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तू येतोयस हे वाचून मला नीट जेवण गेलं. नर्स स्वतः ह्यांच्यापाशी बसली आणि ह्या गुरुवारी मी बैठकीला जाऊन आले. एका बसचालकानं मुलीच्या उपचारांच्या काळात घरातला एकेक कप भिंतीवर फोडला होता. एक पोरगी म्हणाली की आईच्या तोंडावर दाबायला तिनं उशी उचलली होती आणि परत ठेवली होती. मग मी थपडांचं सांगितलं. कुणी तोंड फिरवलं नाही. आता ह्यांचा पारा चढला की मी बाहेर येऊन दाराला कडी लावते आणि नर्सला फोन करते, असं ठरलंय.

नव्या गोळ्यांनी हे बरेच शांत आहेत. झाल्यातलं काही आठवत नाही. काल मी हसले तर एकदम उठून बसले आणि दात कुठे गेला म्हणाले. मी पदर तोंडावर धरला. मग कुणी मारलं त्या हरामखोराचं नाव सांग, त्याचा हात मोडून येतो म्हणाले. चपला शोधायला लागले रे. मी आठ महिन्यांत पहिल्यांदा ह्यांच्यासमोर मोठ्यानं रडले, आणि हे त्याच हातानं माझी पाठ थोपटत बसले.

तू आलास की तुलाही घेऊन निघतील. तू बरोबर जा, चौकापर्यंत फिरवून आण. पण नाव सांगू नकोस.

वाट बघते.

तुझी ताई