थंडाईचा मोठा पेला

शुक्रवार, दिवेलागण

आज धाकट्या पिंकीनं मला चितपट केलं, तिथंच सगळं बदललं. आबा आम्हा भावंडांना कुस्ती शिकवतात. जिंकेल त्याला थंडाईचा मोठा पेला. कॉलेज सोडल्यापासून तो माझाच. आज तिला दिला. मी भडकलो, परत लंगोट बांधणार न्हाय म्हणालो.

आबा हळूच म्हणाले, "अंग मातीत, मन त्या पोरीच्या गल्लीत. तुझ्या आईपायी मीबी हरलोय की एक कुस्ती. जा, इचार तिला. सकाळी मातीत दिस."

आबांना कुणी सांगितलं? पिंकीनंच. ओरडायला वळलो, तर मोठा पेला अर्धा ठेवून माझ्याकडं सरकवत होती. "पी दाद्या, तिच्यापुढं चक्कर येईल."

प्यायलो. ती नाही म्हणाली तर?

लंगोट धुऊन वाळत घातलाय, सकाळी लागेल. निघतो. दार ओढून घेतो.