अण्णांच्या टाळ्या

निपाणी, गुरुवार

अजून राग गेलेला नाही. मालिकेतल्या दोघी पोलीस बायकांनी एका मुलीच्या मागं लागलेल्याला पकडलं, तर अण्णांनी टाळ्या वाजवल्या! आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या मागं एक पोरगा रोज कॉलेजपर्यंत जातो, हे सांगितलं तेव्हा हेच वडील म्हणाले होते, "तक्रार न्हाय करायची. लोक काय म्हणतील?" टाळ्या कसल्या वाजवता?

मी टीव्हीच बंद केला. "त्या दोघी आपल्या दारात आल्या, तर त्यांनाबी हेच सांगणार व्हय?"

अण्णांनी तोंड फिरवलं. आई मात्र उठली, पायात चपला सरकवत म्हणाली, "सुमे, चल गं. मी येतो ठाण्यात."

तक्रार देऊन आलो. अण्णा रुसून जेवले नाहीत. सुमी मात्र कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.